बाजूची चूल

मुरारीला काळजी करायला कारण लागत नसे. डोंग्यात बसला की डोंगा गळेल म्हणून घोर, आणि काठावर राहिला की आपल्या वाटणीची मासळी दुसऱ्याच्या जाळ्यात जाईल म्हणून घोर. अड्याळला कामावर निघाला की अर्ध्या वाटेत गाडी थांबवून, घराला कडी घातली की नाही ते आठवत उभा राही. घरात बायको असते आणि कडी तीच लावते, हे त्याला मागाहून सुचे. त्याची बायको ज्योत्सना येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "यायले चिंता कराले काही नसलं ना, तं काहून नाही म्हणून चिंता लागते." लोक हसत. मुरारीही हसायचा, पण हसतानाही आपलं काही चुकत तर नाही ना, असा भाव त्याच्या तोंडावर असायचा.

त्या वर्षी दसऱ्यानंतर मात्र त्याला खरंच कारण मिळालं. त्याची आई भागीरथाबाई खोकत होती.

खोकला तसा जुनाच. गोसीखुर्दच्या धरणात जुनं गाव बुडालं आणि ही ढिवरांची वस्ती माळावर नव्या प्लॉटांत येऊन बसली, त्याच्याही आधीपासूनचा. भागीरथाबाई मासे धुरावायची. घरामागे मातीच्या भिंतींची, एका दाराची खोली होती. खिडकी मुद्दामच ठेवलेली नव्हती. खाली बाभळीचे निखारे, त्यावर धानाचा कोंडा, आणि वर छातीच्या उंचीला बांबूच्या कामट्यांची चटई. हळदमीठ लावून चिरलेले मासे त्या चटईवर मांडायचे आणि आपणही त्याच धुरात, मासे पलटवत बसून राहायचं. सकाळी आत गेलेली बाई दुपारी बाहेर यायची ती लाल डोळ्यांनी, पदराने नाक पुसत. पण मासा असा निघायचा की अड्याळच्या बाजारात लोक नाव घेऊन विचारत यायचे, "भागीरथाची मच्छी आली का?"

तिच्या हातापेक्षाही तिच्या नाकाचा दरारा मोठा होता. मरळ नुसती हुंगून ती बोडीतली, म्हणजे लहान तळ्यातली, की धरणातली हे ती सांगायची. शिळा मासा ताजा म्हणून तिच्यापुढे ठेवायची कोणाची छाती नव्हती. अलीकडे कोणी गंमत म्हणून मासा पुढे केलाच, तर ती हाताने दूर सारायची, "आता कायले हुंगू? पाह्यल्याबरोबर समजते मले." लोक म्हणत, म्हातारी आता हुंगायच्याही पलीकडे गेली.

मुरारीने तिला पवनीच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, उजेडासमोर धरला आणि विचारलं, "किती वर्षं बिडी ओढता, आजी?" भागीरथाबाईने जन्मात बिडीला हात लावलेला नव्हता. ती अशी भडकली की बोलता बोलता खोकायला लागली आणि मग तिला बोलताच येईना. डॉक्टरांनी ओढायचा पंप लिहून दिला, आणि तिला बाहेर बसवून मुरारीला म्हणाले, "धूर बंद करा. मागच्यासारखा आणखी एक हंगाम त्या खोलीत काढला, तर मला काही सांगता येणार नाही."

हंगाम म्हणजे काय, हे मुरारीला डॉक्टरांनी सांगायला नको होतं. धान कापून झालं की बोड्या आणि तलाव आटायला लागतात, जाळ्यात मासळी मावत नाही, आणि भागीरथाबाई उजाडल्यापासून दिवस बुडेपर्यंत धुरात असते. शिमग्यापर्यंत हेच. शेतांच्या बांध्यांमधलं धान पिवळं पडायला लागलं होतं. मुरारी रस्त्याने जाताना ते पिवळं धान पाही आणि उरलेले दिवस मोजू लागे.

"माय, यंदा मच्छी धुरावणं सोड," तो म्हणाला.

"अन् करू काय? मासे सोडून घरात माश्या मारत बसू?"

"आम्ही आहो ना."

"तुमी आहा तं मी मेली का?" भागीरथाबाई म्हणाली. मग खोकली, पाणी प्यायली, आणि उगीच टोमणा मारावा तसं म्हणाली, "असं कर. मच्छीले धूर लागंन अन् मले लागनार नाही, अशी चूल आनून दे. मंग बसतो मी बाहेर. पन मच्छी माह्या हातची निंगाली पायजे. नाही निंगाली, तं मी आपली खोलीत."

तिने ते बोलून सोडून दिलं. मुरारीने धरून ठेवलं.

मासेमारी नसेल तेव्हा मुरारी अड्याळला परसरामच्या वेल्डिंगच्या दुकानात काम करायचा. खिडक्यांच्या ग्रिल, गेट, ट्रॉलीचे तुटलेले आस, असलं सगळं. त्याचा हात चांगला होता. फक्त एक टाका मारला की तो तीनदा ठोकून पाही, आणि परसरामचं डोकं फिरे. दुकानातच एकदा जेवणाच्या सुट्टीत त्याने मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला होता. कोण्या दूरच्या मुलखातला टोपीवाला जाडा माणूस आडव्या ड्रमात मांस धुरावत होता. विस्तव ड्रमाखाली नव्हताच, तो बाजूला, वेगळ्या पेटीत. पेटीतून धूर ड्रमात जायचा, मांसावरून फिरायचा आणि दुसऱ्या टोकाच्या धुराड्यातून बाहेर पडायचा. आणि तो माणूस बाजूला खुर्ची टाकून आरामात बसलेला. मुरारीने मांसाकडे पाहिलंच नाही. तो त्या खुर्चीकडे पाहत राहिला.

त्याने दुकानाच्या फरशीवर खडूने ड्रम काढला, बाजूला पेटी, पलीकडे धुराडं. परसराम कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"हे काय बे? रेल्वेचं इंजिन बनवून राहिला काय?"

"मायसाठी चूल आहे, भाऊ. बाजूची चूल."

परसराम तोंडाचा फाटका, पण मनाचा तसा नव्हता. भागीरथाबाईचा मासा त्याच्याही घरी जायचा. त्याने भंगारात पडलेला जाड पत्रा पायाने मुरारीकडे सरकवला आणि म्हणाला, "कर. पन कामाच्या वेळात नाही."

ड्रम मिळाला, आणि मुरारीची झोप गेली. देणाऱ्याने सांगितलं, खायच्या तेलाचा आहे. मुरारीने पुन्हा विचारलं. मग त्याच्या भावाला विचारलं. मग ड्रमात डोकं घालून हुंगलं. तेलाचाच वास होता. पण तेलाच्या आधी काय होतं? फवारणीचं औषध असलं तर? धुराने मासा विषारी झाला, बाजारात कोणाच्या पोटात गेला, तर? त्याने ड्रमात पऱ्हाट्या घालून तो लाल होईस्तोवर जाळला, आतून घासला, सोड्याने धुतला, आणि दुसऱ्या दिवशी परत जाळला. शेजारचा डोमा कुंपणावर रेलून म्हणाला, "काय गा मुरारी, चूल जाळून टाकतेस का, अजून बनली नाही तं?"

ड्रम आडवा करून त्याने वरच्या बाजूला झाकण कापलं, बिजागऱ्या लावल्या. आत लोखंडी सळ्यांची जाळी बसवली, आणि तिच्यावर कामट्यांची चटई अंथरली, कारण मासा लोखंडाला टेकलेला भागीरथाबाईला चालला नसता. बाजूला पत्र्याची पेटी, तिला वारा कमी-जास्त करायची झडप. पलीकडे धुराडं. सगळं गाडीवर लादून घरी आणलं तेव्हा वस्तीतली पोरंसोरं मागून 'झुकझुक' करत आली.

पहिल्या पेटवणीला धूर धुराड्याकडे जायचं सोडून पेटीच्या तोंडातून मागे आला आणि मुरारीच्याच नाकातोंडात गेला. धुराडं अरुंद झालं होतं. त्याने रुंद नळी लावली. दुसऱ्या वेळी धूर बरोबर चालला, पण पेटीच्या बाजूचे मासे कोळसा आणि धुराड्याच्या बाजूचे कच्चे. आच आत शिरून सरळ छताला लागत होती आणि वरच्या वर निघून जात होती. त्याने पेटीच्या तोंडापासून जाळीखाली भोकांची पट्टी घातली, म्हणजे आच पसरेल. आणि धुराड्याचं आतलं तोंड खाली, माशांच्या पातळीला आणलं, म्हणजे धुराला माशांवरूनच जावं लागेल. मग लक्षात आलं की माशांचं तेल गळून पेटीकडे वाहतं आणि भडका उडतो. त्याने ड्रमाला थोडा उतार दिला, खालच्या कोपऱ्यात चोच काढली आणि तिच्याखाली एक रिकामा डबा ठेवला.

एवढं होईपर्यंत लोक विळे लावून घेत होते. मुरारी दुकानात गेट जोडायचा आणि मनात आईच्या श्वासाचा आवाज ऐकायचा. वेल्डिंगच्या ठिणग्यांतही त्याला ती खोलीच दिसायची.

तिसऱ्या वेळचा मासा ज्योत्सनाने खाल्ला. लगेच दुसरा घेतला. तेव्हा कुठे मुरारीच्या जिवात जीव आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने चुलीपासून लांब, वाऱ्याच्या उलट्या बाजूला पिढा ठेवला आणि आईला म्हणाला, "माय, बस आता. पाय तुही चूल."

भागीरथाबाई बसली. धुराड्यातून पातळ निळसर धूर सरळ वर जात होता. ती त्याच्याकडे पाहत राहिली, मग चुळबुळायला लागली.

"धूर कोठी आहे?"

"आत आहे ना, माय."

"तो तं वर चालला. मच्छीले काय लागला?"

"लागते, लागते. तू बस फक्त."

मुरारी लाकूड आणायला घरामागे वळला. झाकण वाजल्याचा आवाज आला म्हणून त्याने मान फिरवली, तर भागीरथाबाई कमरेत वाकून, डोकं खांद्यापर्यंत ड्रमात घालून उभी होती. तो ओरडेपर्यंत तिला ढास लागली. ती मागे सरली, झाकणाला धरायला गेली, हात भाजला, आणि तिथेच मातीत बसली. श्वास आत जात होता, पण पुरत नव्हता. ओठ काळे-निळे झाले. ज्योत्सना पंप घेऊन धावली. मुरारीने आईला मागून आधार दिला, आणि तिच्या पाठीतली घरघर त्याच्या छातीला कळत राहिली.

श्वास ठिकाणावर आला तशी भागीरथाबाई पहिलं काय बोलली, तर, "कच्ची आहे मच्छी."

मासे नीट झालेले होते. सोनेरी रंग आला होता, काट्यापासून मांस सुटत होतं. डोमाला बोलावून खाऊ घातलं, तो म्हणाला, बेस. भागीरथाबाई मान हलवत राहिली. "मले पटत नाही," म्हणाली.

मुरारीने झाकणाला कडी जोडली, कडीला कुलूप घातलं, आणि किल्ली स्वतःच्या गळ्यातल्या दोऱ्यात बांधली. सासूला कुलूप लावल्यासारखं ज्योत्सनाला ते वाटलं आणि तिने तसं बोलूनही दाखवलं. पण मुरारी काही ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नव्हता. आईचे ते ओठ त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते.

कुलपाने काय होणार होतं? दोनच दिवसांत त्याला दुकानात चैन पडेना. काही कारण नव्हतं, नुसती मनात पाल चुकचुकली. परसरामला काहीतरी थाप मारून तो भर दुपारी घरी आला, आणि लांबूनच त्याला मातीच्या खोलीच्या दारातून धूर येताना दिसला. जुनी खोली. भागीरथाबाई नुकतीच बाहेर आली होती. धुरावलेल्या माशांची टोपली घेऊन ती स्वयंपाकघरात शेगडीशेजारी बसली होती, मासे निवडत. डोळे लालबुंद.

"माय, तुले मराचं आहे काय?" मुरारी दारातच ओरडला. आईवर आवाज चढवायची त्याची ही पहिलीच वेळ असावी. "त्यासाठी मी हाडं मोडून राहिलो का? काय कमी आहे त्या चुलीत, सांग ना मले!"

"तुही चूल तुह्याजवर ठेव. मले समजत नाही तिच्यात."

"काय समजत नाही?"

भागीरथाबाई उत्तर देणार होती, तेवढ्यात मुरारीने नाक वर केलं. "काय जळून राहिलं?"

"कोठी?" भागीरथाबाई म्हणाली.

अंगणात कपडे काढायला गेलेली ज्योत्सना धावतच आत आली. "अगा माय, भात!" तिने गॅस बंद केला, झाकण काढलं. भात तळापासून करपला होता. वास घरभर पसरला होता, पार अंगणापर्यंत. आणि पातेलं भागीरथाबाईच्या कोपरापासून हातभरावर होतं.

भागीरथाबाई टोपलीतला एकच मासा इकडून तिकडे ठेवत राहिली.

"माय," मुरारीचा आवाज खाली आला, "तुले वास नाही आला?"

"सर्दी आहे."

"सर्दी नाही आहे तुले."

ज्योत्सनाने करपलेलं पातेलं खाली ठेवलं. "मागं गॅस सुटला होता," ती मुरारीला म्हणाली, "तवाबी मायच घरात होत्या. मी डोमाच्या घरून आली अन् बंद केला. मी म्हटलं, डोरा लागला असंन यायचा."

माणूस काळजी करतो, करतो, आणि खरी काळजीची गोष्ट त्याच्या पाठीमागे मुकाट्याने बसून असते.

भागीरथाबाईने मग सांगितलं. कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी तिला ताप आला होता. ताप गेला, आणि जाताना नाक घेऊन गेला. येईल, येईल म्हणून तिने वाट पाहिली. आलं नाही. मासा ताजा की शिळा, हे ती कल्ले उचकून, बोटाने दाबून ओळखायची. तेवढं जमायचं. कोणालाच सांगितलं नाही, पोटच्या पोरालाही नाही.

"सांगाचं होतं ना, माय."

"काय सांगू? भागीरथाचं नाक गेलं म्हणून? अरे बाबू, बाजारात लोकं भागीरथापाशी नाही येत, तिच्या नाकापाशी येतेत. समजलं असतं, तं टोपलीपाशी कुत्रं नसतं उभं राह्यलं."

"मंग मच्छी झाली हे कसं समजते तुले?"

भागीरथाबाईने बोटाने आपल्या डोळ्याखाली दाखवलं. कोंडा टाकला की पहिला दाट धूर उठतो. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं की मासे पलटवायचे. मग कोंडा जळत जातो, धूर पातळ होतो, पाणी कमी होत थांबतं. पुन्हा कोंडा टाकला आणि पुन्हा पाणी आलं, की दुसऱ्या पाण्याला उतरवायचे. "दोन खेपा रडलं की झाली मच्छी," ती म्हणाली. "तुह्या चुलीत रडूच येत नाही. मंग मी कायच्यावरून समजू?"

मुरारी अंगणात जाऊन त्या चुलीपुढे उभा राहिला. छाती वाचवायला म्हणून त्याने धूर आईपासून दूर नेला होता, आणि त्या धुराबरोबर तिच्याजवळची एकुलती एक खूण नेली होती. त्याला चुलीचा राग आला, स्वतःचाही आला. गळ्यातली किल्ली काढून त्याने कुलूप उघडलं आणि कुंपणापलीकडे भिरकावून दिलं.

परसराम म्हणाला, राइस मिलमध्ये असतं तसं घड्याळ लाव, आतली आच बाहेर दाखवतं. मुरारीने मान हलवली. काटा पाहून मासा काढायचा, तर मग तो भागीरथाबाईचा मासा कसला? तिला स्वतःच्या अंगाने कळायला हवं होतं. आणि नाक गेलं, डोळे वाचवायचे, तर मग उरलं काय? याच विचारात रविवारी सकाळी त्याने एकट्यानेच चूल पेटवली, रोहूचे तुकडे मांडले, झाकण लावलं आणि गुडघ्यांत डोकं घालून बसला. पहिली बोडी आटल्याची बातमी आदल्या दिवशीच आली होती. दिवस संपले होते.

टप.

मुरारीने डोकं वर केलं. टप. टप. तो ताडकन उठला. गळतंय! सांधा सुटला, टाका कच्चा राहिला, परसराम आयुष्यभर बोलून दाखवील. जन्मभर डोंग्याच्या तळाला कान लावून बसणारा माणूस तो. गळण्याचा आवाज त्याला झोपेतही ऐकू यायचा. त्याने ड्रमाखाली डोकं घातलं, सांध्यांवरून हात फिरवला, हात भाजून घेतला. सांधे कोरडे होते. चोचीखाली त्यानेच ठेवलेल्या डब्यात माशांचं तेल पडत होतं.

तो जमिनीवर पडून ऐकत राहिला. आधी थेंब सुटे-सुटे, मग भराभर, एकामागून एक. झाकण उघडलं, तर मासे पलटवायच्या बेताला आलेले. पलटवून पुन्हा कान लावला. पुन्हा भराभर, मग हळू, मग एक थेंब पडला की दुसऱ्याची वाट पाहावी लागेल इतका हळू. झाकण उघडलं. मासे झाले होते.

त्याने डबा काढला आणि ज्योत्सनाच्या भांड्यांतली जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, थाळी तिथे पालथी घातली. पुढचे तुकडे मांडले, तसा आवाज अंगणभर ऐकू यायला लागला. मग तो आत जाऊन आईला म्हणाला, "माय, एक डाव बाहेर ये. रडू नाही येनार, पन ऐकू येते का पाय."

थेंब भराभर पडले की पलटवायचे, थांबत आले की काढायचे, हे भागीरथाबाईने ऐकून घेतलं. बोडीची पहिली मासळी दुसऱ्याच दिवशी घरात आली, मरळ आणि रोहू, टोपल्या भरून. अड्याळचा बाजार उद्यावर होता. भागीरथाबाई पिढ्यावर बसली, हात मांडीवर, चेहरा चुलीकडे न करता बांध्यांकडे. ज्योत्सना दारात उभी होती. मुरारी झाकणाशी.

थेंब सुरू झाले. भागीरथाबाईची मान किंचित वाकडी झाली. थेंब भराभर पडायला लागले तशी ती म्हणाली, "पलटव." मुरारीने पलटवले. ती पुन्हा ऐकत बसली. ओठ हलत होते, जणू ती थेंबांना काही विचारत होती. थेंब हळू झाले. आणखी हळू. मग बराच वेळ काहीच नाही.

भागीरथाबाई बोलेना. मुरारी तिच्या तोंडाकडे पाहत होता. मासे आता काढले नाहीत तर कोरडे पडतील, हे त्याला कळत होतं. पण त्याने सांगितलं तर तो मासा त्याचा होईल आणि आई उद्या पुन्हा त्या खोलीत जाईल, हेही कळत होतं. त्याने दात आवळून धरले.

भागीरथाबाई पिढ्यावरून उठली.

"मी म्हनीन झाली," ती म्हणाली, "अन् उद्या बाजारात कच्ची निंगाली तं?" आणि चुलीकडे चालायला लागली. झाकणापाशी आली. त्याची मूठ धरली. कुलूप नव्हतं, कडी उघडीच होती. डोकं वाकवायला तिने पदर तोंडावरून मागे सारला. ज्योत्सना पंप घ्यायला आत वळली. मुरारीला ते काळे-निळे ओठ दिसायला लागले आणि त्याचा धीर सुटला. आईचा हात धरावा, ओरडावं, पाया पडावं. यातलं काहीच त्याला जमलं नाही. तो नुसता उभा राहिला.

भागीरथाबाईने वाकण्याआधी एकदा त्याच्याकडे पाहिलं. आणि थांबली.

"तुह्या डोऱ्यातून पानी येऊन राहिलं," ती म्हणाली.

मुरारीने मनगटाने गाल पुसला. तो लगेच परत ओला झाला.

भागीरथाबाईने मूठ सोडली. त्याच्या चेहऱ्याकडे तिने बारकाईने पाहून घेतलं, मासा पाहावा तसं, एका डोळ्याकडे, मग दुसऱ्याकडे. मग ती वळली, पिढ्यापर्यंत गेली आणि पाठ करून बसली.

"दोन खेपा रडला तू. झाली मंग," ती म्हणाली. "काढ."

मुरारीने झाकण उघडलं. मासे झाले होते. धूर मघापासून धुराड्यातून सरळ वर जाऊन बांध्यांकडे वळत होता, अंगणात कोणाच्याच डोळ्यांपर्यंत तो आला नव्हता. हे भागीरथाबाईला दिसत होतं. ती तिकडेच पाहत बसली होती.